जॉब फिरतो

आधी अंगठा ऐकेनासा झाला.
मग त्याच्या शेजारचं बोट, मग तिसरं,
बिऱ्हाड हलतं तसं, एकेक सामान करत.
सकाळची मूठ उघडेपर्यंत
चहा दोनदा गरम करावा लागतो.

सव्वीस वर्षं मी भांडुपच्या कंपनीत औषधं पॅक केली,
मिनिटाला चाळीस डब्या, झाकण दाबून, फिरवून.
त्यांतलीच एक गोळी आता मला लिहून दिली आहे
आणि तिचं झाकण मला उघडत नाही.
खालच्या मजल्यावरचा शौनक शाळेला जाताना येतो,
झाकण उघडतो,
वीस सुया ओवून उशीला टोचून जातो.
दोरा भरपूर लांब ठेवतो;
लांब दोरा म्हणजे जास्त मदत, असं त्याला वाटतं.
लांब दोरा गुंततो, हे मी त्याला सांगत नाही.

गोधडी मात्र शिवायचीच होती.
पत्र्याच्या पेटीत कंपनीचे सात निळे ॲप्रन,
ह्यांचे तीन सदरे,
आणि आईचं एक लुगडं,
मधोमध विरलेलं, काठ अजून भांडायला तयार.

आई अंगणात पसरायची, चारी कोपऱ्यांवर दगड,
कडेकडेने धावदोरा घालत आत आत जायची,
शेवटी गोधडीच्या पोटात बसलेली असायची.
मला मांडी घालता येत नाही.
कन्नमवारनगरात अंगण नाही,
एकशे ऐंशी चौरस फूट, त्यात पलंग.
मधल्या भागाचं सगळं वजन मनगटावर येतं
आणि मनगट म्हणतं, ठेव.

टागोरनगरचा टेलर म्हणाला, मशीन मारून देतो, तीनशे रुपये.
मी हो म्हटलं. खरंच म्हटलं.
पिशवी घेऊन जिना उतरत होते
तर सालियन भेटले, रिटायर फिटर.
त्यांनी माझा हात हातात न घेता नुसता पाहिला,
हत्यार पाहतात तसा.
म्हणाले, "लेथवर हत्यार थांबतं, बाई. जॉब फिरतो."

चौथ्या दिवशी घेऊन आले:
सागाचा ठोकळा, त्याला खाच, खाचेत सुई घट्ट,
खाली क्लँप, टेबलाच्या कडेला आवळलेला.
सुई उभी राहते.
मी कापड तिच्यावर चढवते, दोन्ही तळव्यांनी,
परातीत भाकरी फिरवावी तसं.
पाच-सहा टाके सुईवर जमले
की कोपराने खटका दाबायचा,
सुटलेली सुई पक्कडीने ओढायची.
पक्कडीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलाय,
मुठीत जाड बसावी म्हणून.

पहिल्या दिवशी सोळा टाके. मोजले.
नऊ उसवायचे होते,
पण उसवायलाही बोटं लागतात,
म्हणून राहू दिले.

आणि एकसंध मोठी गोधडी नाहीच.
उशीच्या अभ्र्याएवढे आठ तुकडे,
एकेक पुरा शिवायचा, कड दुमडायची,
मग एकमेकांना जोडायचे.
आई असती तर म्हणाली असती,
"तुकड्यांची गोधडी असते गं,
गोधडीचे तुकडे नसतात."
मी तिच्या लुगड्यालाच सांगते:
तू गेलीस तेव्हाही तुझी बोटं सरळ होती.

सोमवारी टाके तांदळाएवढे.
बुधवारी हवा खाडीकडून आली,
ओली, मिठागरांवरून,
टाके भुईमुगाच्या शेंगांएवढे.
मैनावहिनी विचारतात, इथे रेघ का पळाली?
तो बुधवार आहे, मी म्हणते.

सहा तुकडे झालेत.
जोडाची शिवण जाड आली आहे, अंगाखाली टोचेल.
सालियन म्हणतात, खटक्याला तेल घाला.
शौनकने आज तेवीस सुया ओवल्या, कुणी न सांगता.
त्यांतल्या एका दोऱ्याला गाठ बसली.
दाताने सोडवते आहे.
दात अजून नोकरीवर आहेत.